आकारांचा नकाशा मांडणारे बर्नहार्ड रीमान

हॅनोव्हर हे तेव्हा जर्मनीतले एक स्वतंत्र राज्य होते. त्या राज्यातल्या ब्रेझेलेन्झ नावाच्या खेड्यात १७ सप्टेंबर १८२६ रोजी एका लूथरपंथी पाद्र्याच्या घरी मुलगा जन्मला. नाव ठेवले बर्नहार्ड. सहा भावंडांत तो दुसरा. वडील तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या युद्धात लढलेले आणि मग धर्मसेवेत आलेले. पगार बेताचा, खाणारी तोंडे आठ. दहा वर्षांचा होईपर्यंत मुलाला वडिलांनीच शिकवले. पाच वर्षांचा असताना त्याला इतिहासाच्या गोष्टींचे वेड होते. त्यातही पोलंड देशाच्या वाट्याला आलेल्या दुर्दैवाची कहाणी तो पुन्हा पुन्हा सांगायला लावी. मग आकडेमोड आली आणि इतिहास मागे पडला. गणिते सोडवायची, नवी गणिते रचायची आणि भावाबहिणींपुढे टाकायची, हा त्याचा खेळ झाला.

मुलगा कमालीचा लाजाळू होता. चौदाव्या वर्षी शिक्षणासाठी आजीकडे हॅनोव्हर शहरात गेला, तेव्हा घराच्या आठवणीने कासावीस होई. आजी वारल्यावर त्याला ल्यूनेबर्गच्या शाळेत घातले. तिथे त्याची एक खोड शिक्षकांच्या डोळ्यांवर आली. दिलेला निबंध तो वेळेवर देतच नसे. लिहिलेले पुरेसे चांगले नाही असे वाटून खोडत बसे. हिब्रूच्या शिक्षकांनी शेवटी त्याला आपल्या घरी राहायला ठेवले आणि डोक्यावर बसून अभ्यास पूर्ण करून घेतला. मुख्याध्यापकांनी मात्र त्याचे गणित ओळखले होते. त्यांनी लजान्द्र या फ्रेंच गणितज्ञाचा संख्याशास्त्रावरचा जवळजवळ ९०० पानांचा ग्रंथ त्याच्या हाती दिला. आठवडा उलटायच्या आत पोराने तो वाचून परत केला. पुढे परीक्षेत त्यावर प्रश्न विचारले, तर ग्रंथ कालच वाचला असावा अशी उत्तरे दिली.

तरीही १८४६ मध्ये तो ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाला तो धर्मशास्त्रासाठी. पाद्र्याच्या थोरल्या मुलाने पाद्री व्हावे आणि घराला हातभार लावावा, हे त्या काळी गृहीतच असे. ग्योटिंगेनमध्ये तेव्हा कार्ल फ्रीडरिश गाउस होते, त्या काळातले सर्वांत मोठे गणितज्ञ. बर्नहार्डने वडिलांना पत्र लिहून विषय बदलण्याची परवानगी मागितली. हलाखीतल्या त्या पाद्र्याने ती दिली. गणिताच्या इतिहासात या होकाराला फार मोठी जागा द्यायला हवी, असे मला वाटते.

मधली दोन वर्षे बर्लिनला गेली. तिथे याकोबी आणि डिरिक्ले हे गुरू भेटले. मार्च १८४८ मध्ये शहरात क्रांतीचा भडका उडाला, तेव्हा विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर या बुजऱ्या मुलाने सकाळी नऊपासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत राजवाड्यावर पहारा दिला. पुढच्या वर्षी तो ग्योटिंगेनला परतला आणि १८५१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधात जी कल्पना मांडली, तिला आज सारे जग रीमानचे पृष्ठभाग म्हणते.

ही कल्पना समजून घेण्यासाठी सायकलची ट्यूब हाताशी घ्यावी. फुगवलेल्या चेंडूवर कात्रीने कुठेही पूर्ण गोल काप घेतला, की चेंडूचे दोन तुकडे होतात. ट्यूबचे तसे नाही. आडवा काप घेतला तर ती सरळ नळी होते, पण तुकडा एकच राहतो. त्या नळीवर उभा काप घेतला तर ती सपाट पट्टी होते. तुकडा अजूनही एकच. तिसरा काप मात्र तिचे दोन भाग करतो. म्हणजे ट्यूब दोन काप सोसते, चेंडू एकही नाही. दोन भोकांचा पृष्ठभाग असेल, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, तर तो चार काप सोसतो. तीन भोकांचा सहा. वस्तू ताणा, दाबा, वाकवा, हा आकडा बदलत नाही. फाडले किंवा चिकटवले तरच बदलतो. आकार मोजायची ही नवी तऱ्हा होती. लांबी-रुंदी नाही, क्षेत्रफळ नाही, फक्त किती कापांना वस्तू पुरून उरते ते पाहायचे. रीमान यांनी अवघड समीकरणांना असे पृष्ठभाग दिले आणि समीकरणाचा स्वभाव त्याच्या पृष्ठभागाच्या भोकांवरून ओळखता येतो हे दाखवले. या शास्त्राला आज टोपॉलॉजी म्हणतात.

विद्यापीठात शिकवण्याचा परवाना मिळवण्यासाठी एक भाषण द्यावे लागे. उमेदवाराने तीन विषय सुचवायचे आणि बहुधा पहिलाच निवडला जाई. रीमान यांनी पहिल्या दोन विषयांची तयारी केली होती. गाउस यांनी तिसरा निवडला: भूमितीच्या पायाशी कोणती गृहीतके आहेत? १० जून १८५४ रोजी, जेमतेम एखादे सूत्र वापरून, रीमान यांनी ते भाषण दिले. सत्त्याहत्तर वर्षांचे गाउस, जे सहसा कुणाची स्तुती करत नसत, घरी परतताना सोबत्याशी त्या भाषणाबद्दल भारावून बोलत होते. साठेक वर्षांनी, १९१५ मध्ये, आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभा केला तो याच भूमितीवर. ती गोष्ट प्रसिद्ध आहे, म्हणून इथे थांबत नाही. मला सांगायची आहे ती दुसरी.

भाषण गाजले, पण पोट भरत नव्हते. परवाना मिळालेल्या शिक्षकाला पगार नसे, विद्यार्थी देतील तेवढी फी. पहिल्या वर्गाला आठ जण आले, तेव्हा रीमान यांना केवढा आनंद झाला होता! त्यानंतरचा, पुढे जगप्रसिद्ध झालेला विषय शिकायला तीनच जण बसले. त्यांतले एक डेडेकिंड, हे स्वतः मोठे गणितज्ञ होते आणि रीमान यांचे मित्र. रीमान यांच्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातले बरेचसे त्यांच्यामुळे. १८५५ मध्ये रीमान यांचे वडील गेले आणि बहीण क्लाराही. क्विकबॉर्नचे घर मोडले. उरलेल्या तिघी बहिणी ब्रेमेनला टपाल खात्यात कारकुनी करणाऱ्या भावाकडे गेल्या. सरकारकडून रीमान यांना वर्षाला २०० थालर मिळू लागले होते. १८५७ मध्ये ते ३०० झाले. त्याच सुमारास तो टपाल खात्यातला भाऊही वारला आणि तिघी बहिणींची जबाबदारी रीमान यांच्यावर आली. थोड्याच काळात त्यांतली मारीही गेली.

अशा त्या १८५७ सालात त्यांनी तो मोठा निबंध छापला. त्यापायी एवढे श्रम झाले की प्रकृती आणि मन दोन्ही ढासळले, आणि मित्रांनी त्यांना हार्झच्या डोंगरात विश्रांतीला नेले. याच विषयावर बर्लिनचे वायरश्ट्रास यांनीही एक निबंध छपाईला दिला होता. रीमान यांचा वाचल्यावर त्यांनी आपला मागे घेतला.

त्या निबंधात एक शब्द पहिल्यांदा आला आणि तो कायमचा राहिला: मॉड्युलाय. त्याचा अर्थ सांगण्यासाठी शाळेतल्या त्रिकोणाकडे जाऊ. त्रिकोण लहान की मोठा हे सोडून द्या, फक्त त्याचा आकार पाहा. दोन कोन सांगितले की आकार ठरला, कारण तिसरा कोन आपोआप येतो. आता कागदावर पहिला कोन आडवा आणि दुसरा उभा मांडा. कागदावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक त्रिकोण झाला. शेजारचा ठिपका म्हणजे किंचित वेगळा त्रिकोण. जगातले सगळे त्रिकोण त्या एका नकाशावर आले. नकाशात जसे गाव म्हणजे ठिपका, तसा इथे आकार म्हणजे ठिपका.

रीमान यांनी हाच प्रश्न आपल्या पृष्ठभागांना विचारला. दोन ट्यूबा भोकांच्या हिशेबाने सारख्या, पण एक बारीक आणि लांब, दुसरी जाड आणि आखूड. अशा फरकांचा नकाशा करायचा तर प्रत्येक आकाराला किती आकडे द्यावे लागतील? उत्तर निघाले अगदी सुटसुटीत. भोके दोन किंवा अधिक असतील तर भोकांच्या संख्येला तीनने गुणा आणि तीन वजा करा. दोन भोकांना तीन आकडे, तीन भोकांना सहा, दहा भोकांना सत्तावीस. (हे आकडे संमिश्र संख्या असतात, म्हणजे प्रत्येकात दोन साधे आकडे दडलेले.) या आकड्यांना रीमान यांनी मॉड्युलाय म्हटले, आणि सगळ्या आकारांच्या त्या नकाशाला आज मॉड्युलाय स्पेस म्हणतात. नकाशाला किती दिशा आहेत ते रीमान यांनी सांगितले. पण नकाशाचा स्वतःचा आकार कसा आहे? त्यात भोके किती? हा प्रश्न ते मागे ठेवून गेले.

दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, गुरू डिरिक्ले यांच्या निधनानंतर रीमान यांना त्यांची जागा मिळाली. गाउस, मग डिरिक्ले, मग रीमान, अशी ती गादी. बर्लिनच्या अकादमीने सदस्य करून घेतले आणि आभारादाखल रीमान यांनी दहा पानांहूनही लहान असा एक निबंध पाठवला. विषय अगदी वेगळा: २, ३, ५, ७, ११ अशा अविभाज्य संख्या किती दाटीने येतात? त्यासाठी त्यांनी झीटा नावाचे एक फल घेतले. एक, अधिक दोनच्या घाताचा व्यस्त, अधिक तीनच्या घाताचा व्यस्त, अशी ती न संपणारी बेरीज. घात एकापेक्षा मोठा असेल तर बेरीज नीट होते. लहान किंवा ऋण असेल तर ती हाताबाहेर जाते. अशा ठिकाणीही झीटाला नेमकी किंमत देता येते, हे रीमान यांनी पक्क्या पायावर दाखवले. उणे एक या जागी ती किंमत येते उणे एक बारांश. या जागी झीटाची बेरीज कागदावर दिसते १ अधिक २ अधिक ३ अशी! शंभर वर्षे आधी ऑयलर यांना ही किंमत सापडली होती आणि आपल्या रामानुजन यांनी ती १९१३ मध्ये हार्डी यांना पत्रातून कळवली. त्याच निबंधात रीमान यांनी जाता जाता एक अंदाज नोंदवला, तो आजही सिद्ध झालेला नाही. २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचे बक्षीस लागले, ते अजून कुणी नेलेले नाही.

आकारांचा नकाशा १८५७ चा आणि झीटा १८५९ चे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे रीमान यांच्या लिखाणात कुठे दिसत नाही.

जून १८६२ मध्ये बहिणींच्या मैत्रिणीशी, एलिझे कोख यांच्याशी, रीमान यांचे लग्न झाले. महिन्याभरात त्यांना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला आणि त्यातून क्षय. डॉक्टरांनी उबदार हवेत जायला सांगितले. पहिला हिवाळा सिसिलीत गेला आणि तब्येत सुधारली. परत येताना आल्प्सच्या श्प्ल्यूगेन खिंडीत त्यांनी खोल बर्फातून बराच रस्ता पायी काढला आणि कमावलेले सगळे गमावले. पुन्हा इटली. ऑगस्ट १८६३ मध्ये पिसा शहरात मुलगी झाली. उरलेल्या एका बहिणीचे नाव तिला दिले, इडा. बहीण हेलेन मात्र तिथेच इटलीत वारली.

पिसाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. आजारपणामुळे ते घेता आले नाही. पण तिथे एन्रिको बेत्ती हे मित्र होते. त्यांच्याशी झालेल्या गप्पांत रीमान यांनी कापांचा हिशेब पृष्ठभागापुरता न ठेवता कितीही दिशांच्या आकारांपर्यंत कसा न्यायचा ते समजावले. बेत्ती यांनी ते पुढे १८७१ मध्ये छापले. आज आकारातल्या निरनिराळ्या जातींच्या भोकांच्या संख्यांना बेत्ती संख्या म्हणतात. एका क्षयी माणसाने आजारपणात मित्राला सांगितलेले ते गणित आहे.

रीमान स्वभावाने अबोल होते. आपली श्रद्धा त्यांनी कुणापुढे मिरवली नाही. पण डेडेकिंड यांनी नोंदवले आहे की रोज ईश्वरासमोर स्वतःची झाडाझडती घेणे, हाच त्यांच्या दृष्टीने धर्माचा गाभा होता. आपल्याकडे याला मुहासबा म्हणतात, दिवसभराचा स्वतःशी मांडलेला हिशेब. वडिलांकडून गणिताची परवानगी घेऊन निघालेला हा मुलगा तेवढे वडिलांचे शेवटपर्यंत सांभाळून होता.

जून १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले. हॅनोव्हर त्यात भरडले जाणार होते. त्याच धामधुमीत रीमान शेवटच्या वेळी इटलीकडे निघाले. रेल्वे वाटेत तुटलेली, काही अंतर घोडागाडीने कापावे लागले. माजोरे सरोवराकाठी सेलास्का या गावी ते पोचले. तिथे अंजिराच्या झाडाखाली पडून ते कानाच्या रचनेवरचा एक निबंध लिहीत होते. तो अपुराच राहिला. २० जुलै १८६६ रोजी त्याच गावी, शुद्ध शाबूत असताना, त्यांचा अंत झाला. पत्नी शेजारी बसून येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणत होती. घरच्यांना निरोप सांग आणि मुलीचा मुका घे, एवढे त्यांनी तिला सांगितले होते. वय ३९.

मृत्यूनंतर चारच वर्षांनी त्यांच्या कामाला मोठा धक्का बसला. त्यांच्या बऱ्याच सिद्धता ज्या तत्त्वावर उभ्या होत्या, ते तत्त्व जसेच्या तसे खरे नाही असे वायरश्ट्रास यांनी १८७० मध्ये दाखवले. रीमान यांची उत्तरे बरोबर वाटत होती, पण खालची जमीन गेली. अशी तीस वर्षे गेली. १९०० मध्ये हिल्बर्ट यांनी योग्य अटी घालून ते तत्त्व पुन्हा उभे केले. तसेच संख्यांचे. आठ-नऊ पानांच्या त्या निबंधात आकडेमोड फारशी नाही म्हणून लोकांना वाटे की रीमान यांनी अंदाजानेच लिहिले. १९३२ मध्ये झीगल यांनी ग्योटिंगेनमधली त्यांची हस्तलिखिते चाळली, तेव्हा पानेच्या पाने भरून केलेली आकडेमोड निघाली, आणि त्यात एक असे सूत्र जे तोवर कुणालाच सुचले नव्हते. शाळेत वेळेवर निबंध न देणारा मुलगा मोठेपणीही हातचे राखूनच छापत होता.

आकारांच्या नकाशाचे काम विसाव्या शतकात अनेकांनी हाती घेतले. आपल्या मुंबईचा त्यात मानाचा वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी रीमानच्या पृष्ठभागांवर उभ्या राहणाऱ्या रचनांचा असाच नकाशा अभ्यासला. त्यांचा १९६५ चा सिद्धांत जगभर शिकवला जातो. पुढे १९७५ मध्ये हार्डर आणि नरसिंहन यांनी त्या नकाशाच्या बेत्ती संख्या चक्क ठिपके मोजून काढण्याची रीत दिली.

रीमान यांच्या मूळ नकाशाचा आकार मात्र दाद देत नव्हता. तो उलगडला तो मोजणीनेच, आणि ती मोजणी शाळकरी मुलालाही कळेल अशी आहे.

आधी ऑयलर यांचा जुना हिशेब. ठोकळ्याचे कोपरे ८, कडा १२, बाजू ६. कोपऱ्यांतून कडा वजा करा, बाजू मिळवा: उत्तर २. फुटबॉल घ्या. शिवणीचे कोपरे ६०, कडा ९०, चामड्याचे तुकडे ३२. उत्तर पुन्हा २. ट्यूबवर कशाही रेघा मारून तिचे असे साधे तुकडे पाडा, उत्तर शून्य. दोन भोकांना उणे २. तुकडे कसेही पाडा, उत्तर आकाराचे, तुकड्यांचे नाही. रीत एवढीच की ठिपके मिळवायचे, रेषा वजा करायच्या, सपाट तुकडे मिळवायचे, आणि असेच आळीपाळीने पुढे.

आता रीमान यांनी कापलेली ट्यूब उलट जोडू. रबराचा चौकोनी तुकडा घ्या आणि त्याच्या चार कडा जोडीजोडीने चिकटवा. जोड्या लावायचे प्रकार तीन. दोन प्रकारांत शेजारच्या कडा जुळतात आणि करंजीसारखी बंद पुडी होते. ती फुगवली की चेंडू. तिसऱ्यात समोरासमोरच्या कडा जुळतात आणि ट्यूब होते. षटकोनाच्या कडा जोडण्याचे प्रकार १५: पाच चेंडूचे, दहा ट्यूबचे. अष्टकोनाचे १०५: चौदा चेंडूचे, सत्तर ट्यूबचे आणि एकवीस दोन भोकांचे. किती प्रकारे, हे मोजण्याच्या या शास्त्राला कॉम्बिनेटोरिक्स म्हणतात.

याचा नकाशाशी संबंध असा. एक ठिपका खूण म्हणून असलेला कोणताही पृष्ठभाग घ्या. त्या ठिपक्याला केंद्र धरून तो पृष्ठभाग कापून एका बहुभुजात उलगडायची एक ठरलेली रीत आहे. कडा कशा जुळतात त्यावरून त्याची जात ठरते आणि कडांच्या लांबीवरून जातीतली जागा. म्हणजे जोडणीची प्रत्येक जात हा नकाशाचा एक तुकडा. तुकडे मोजा, ऑयलरच्या रीतीने अधिक-उणे करा, की नकाशाचा आकडा हाती.

ट्यूबसाठी हे पाटीवर करून पाहता येते. निरर्थक टोके आणि जास्तीचे सांधे असलेल्या जोडण्या गाळल्या की दोनच जाती उरतात: समोरासमोर जोडलेला षटकोन आणि समोरासमोर जोडलेला चौकोन. षटकोनाला तीन वेगळ्या लांब्या. एकूण आकारमान सोडून दिले की दोन उरतात, म्हणून तो नकाशावरचा सपाट तुकडा आणि त्याची खूण अधिक. चौकोनाला दोन लांब्या, सोडून दिल्यावर एक, म्हणजे रेषा, आणि खूण उणे. पण षटकोन सहा वेळा फिरवला तरी जोडणी तीच राहते, म्हणून तो पूर्ण एक न धरता एक षष्ठांश धरायचा. चौकोन चार वेळा फिरतो, तो एक चतुर्थांश. एक षष्ठांशातून एक चतुर्थांश वजा करा.

उणे एक बारांश. झीटाची उणे एक या जागची किंमत.

हा योगायोग नाही. १९८६ मध्ये जॉन हेरर आणि डॉन झागियर यांनी सिद्ध केले की भोके कितीही असोत, खूण केलेल्या पृष्ठभागांच्या नकाशाचा आकडा हा रीमान यांच्या झीटाचीच किंमत असतो. दोन भोकांना एक १२० अंश, तीन भोकांना उणे एक २५२ अंश, असेच पुढे. खूण काढून टाकली तर साधा भागाकार करायचा. दोन भोकांना उणे एक २४० अंश येतो. यासाठी त्यांनी कितीही कडांच्या बहुभुजाच्या सगळ्या जोडण्या मोजणारे सूत्र शोधले. १८५७ आणि १८५९ चे दोन निबंध १९८६ मध्ये, बहुभुजाच्या कडा चिकटवता चिकटवता, एकमेकांना भेटले.

पुढे कोंत्सेविच यांनी याच जोडण्या वापरून १९९२ मध्ये विटेन यांचे एक प्रसिद्ध अनुमान सिद्ध केले. त्याच अनुमानाची नवी सिद्धता देणाऱ्या तेहरानच्या मरियम मिर्झाखानी यांनी या नकाशांचे आकारमान किती हे मोजून दाखवले. २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१७ च्या जुलैत, चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांना नेले.

हेरर आणि झागियर यांच्या आकड्यांनी एक नवे कोडेही पुढे टाकले. भोकांची संख्या वाढेल तसे झीटाचे ते आकडे प्रचंड वेगाने फुगतात. याचा अर्थ आकारांच्या नकाशात स्वतःचीच भोके अमाप असली पाहिजेत. पण ती आहेत कुठे? २०२१ मध्ये मेलडी चॅन, सोरेन गालाटियस आणि सॅम पेन यांनी छापलेल्या निबंधात, ठिपके आणि रेषांच्या जाळ्या मोजून, त्यांतल्या एका मोठ्या समूहाचा ठावठिकाणा लागला. रीमान यांच्या नकाशातली बाकीची बहुतेक भोके अजून कुणी पाहिलेली नाहीत. ती असलीच पाहिजेत, एवढे मोजणीवरून ठाऊक आहे.